गरुडपुराणानंतर खुनाची गोष्ट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी. म्हणजे मी मेथी निवडत होतो आणि ही खून वाचत होती.

मोशीच्या आमच्या फ्लॅटला मागच्या बाजूने एक गॅलरी आहे. तिथून समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, दुसरं काही नाही. तिथं प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की ही चष्मा चढवायची आणि पुस्तक मोठ्याने वाचायला घ्यायची. मी समोर ताट घेऊन जी काय भाजी असेल ती निवडायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, पण मी एक पान संपवेपर्यंत गोष्टीतला माणूस मरून त्याचं वर्षश्राद्धही उरकेल. ही सातवी शिकलेली. म्हणून ही वाचणार आणि मी ऐकणार, अशी वाटणी होती.

त्या दिवशी शेवटची तीन-चार प्रकरणं राहिली होती. हिने खुणेला बसचं तिकीट घातलं आणि पुस्तक मिटलं. आमचा नियमच होता तो. शेवटाला आलं की थांबायचं. दोघांनी आपापला खुनी सांगायचा. दोघांचे सांगून झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, चोरूनसुद्धा नाही.

मी माझा लगेच सांगितला. प्राध्यापक. कारण तो भर मे महिन्यात चाकणला कोट घालून हिंडतो. मे महिन्यात चाकणला कोट घालणारा माणूस सरळ असूच शकत नाही.

ही हसली. म्हणाली, "मी ओळखलंय. पण उद्या सांगते. आज सांगितलं तर तुम्ही झोपू द्यायचे नाहीत."

मी म्हणालो, आत्ता सांग. तर हिने मेथीचं ताट उचललं, दांडे किती ठेवलेत म्हणून मला दोन शब्द सुनावले आणि आत गेली. मग आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला. हिची थोरली बहीण बार्शीकडे खेड्यात असते. रोज तिच्याशी बोलल्याशिवाय हिचं जेवण पचत नसे.

सकाळी ही उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला ते लिहिता येणार नाही आणि लिहिलं तरी तुम्ही काय करणार.

पण हिचा खुनी सांगायचा राहिला. तो मला हवा होता. घरात माणसं रडत होती, मुलगा फोनवर फोन करत होता, आणि माझ्या डोक्यात तेवढं एकच चाललं होतं. हिने कुणाला धरलं होतं?

आता हे पुस्तकाचं खूळ कुठून आलं ते सांगतो.

आम्ही दोघं बार्शीकडचे. मी ऐन उमेदीत भोसरीला आलो आणि जन्मभर प्रेसवर पत्रे दाबले. त्या आवाजाने कान जरा गेले. ओव्हरटाइम, शिफ्ट, पोराची शाळा, यात गोष्टी वाचायला वेळ कुणाला होता. मी रिटायर झाल्यावर दोघंही घरात, आणि एकमेकांकडं किती वेळ बघणार. हिने लायब्ररी लावली. तिथल्या बाईंनी हिला या लेखकाचं एक पुस्तक दिलं आणि आमचं घर बिघडलं.

लेखक कोण ते मी लिहीत नाही. त्याला आधीच लोकांनी डोक्यावर बसवलाय. त्याच्या सगळ्या पुस्तकांची तऱ्हा एकच. एक प्रकरण घोड्यावर आणि एक प्रकरण मोटारीत. दोन-चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी मारतो. मग आजच्या काळात कुणीतरी तसाच मरतो. मग एक इन्स्पेक्टर आणि एक इतिहास शिकलेली बाई मिळून जुना खून सोडवतात, की नवा आपोआप सुटतो. मी हिला एकदा विचारलं, हा इन्स्पेक्टर नवा खूनच सरळ का सोडवत नाही. ही म्हणाली, मग पुस्तक पातळ होईल.

माझी पंचाईत वेगळीच. घोड्याच्या प्रकरणात माझा डोळा लागायचा आणि मोटारीच्या प्रकरणात उघडायचा. मधला सांधा निसटायचा. एकदा मला वाटलं किल्लेदारालाच मोबाईल आलाय. मी हिला म्हणालो, त्याला वेढ्यात बसून रेंज कशी मिळाली, आपल्याला इथं लिफ्टमध्ये मिळत नाही. ही पुस्तक तोंडावर धरून इतकी हसली की समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे काढायचं सोडून बघत राहिली.

हिची एक सवय होती आणि सगळा घोटाळा त्या सवयीने झाला. पुस्तकातल्या माणसांबद्दल ही आपल्या भावकीतल्या माणसांसारखं बोलायची. पुस्तकात असं झालं, गोष्टीत तसं झालं, हे शब्द हिच्या तोंडात नाहीतच. सरळ म्हणायची, त्या इनामदाराच्या धाकट्याचं लक्षण बरं नाही. म्हणायची, काल त्या विधवेला फार छळलं हो. मुलगा जेवता जेवता विचारायचा, आई, कोण? मग ही सांगायची, तू नाही ओळखत, पेशवाईतली आहे.

घरात चालायचं. बाहेर चालायचं नाही. एकदा भोसरीहून निगडीच्या बसमध्ये ही मला मोठ्याने समजावत होती, माझे कान गेलेले म्हणून मोठ्याने, की त्याला पुरायला नको होतं, जाळायलाच हवं होतं, पुरलं म्हणून सापडलं. पुढच्या सीटवरचा माणूस पुढच्याच स्टॉपला उतरला. तो स्टॉप त्याचा नव्हता. उतरून तो बसकडं बघत उभा होता.

आणि रविवारी आमचा दौरा असायचा. पुस्तकात जवळपासचं गाव आलं की ही स्कूटरवर मागं बसायची आणि आम्ही जागा बघायला जायचो. एका पुस्तकात राजगुरुनगरला भीमेच्या काठी एका मुनीमाचं प्रेत सापडतं. गेलो. पाण्याजवळ एक म्हातारा म्हशी घेऊन बसला होता. हिने त्याला सरळ विचारलं, दादा, तो मुनीम पडला होता ती जागा कुठली हो? मी मान खाली घातली. पण म्हातारा उठला. हात लांब करून म्हणाला, "व्हय, त्यो काळा दगूड दिसतोय न्हवं, तितंच. पालथा पडला व्हता. पयल्यांदा मीच बघितला."

मग त्याने सगळं सांगितलं. अंगात पांढरा सदरा होता, पोलीस आले, त्याचा जबाब घेतला, दिवसभर बसवून ठेवलं आणि साधा चहा पाजला नाही. मुनीम म्हणजे भला माणूस होता, असंही म्हणाला. ही गंभीर तोंड करून सगळं ऐकत होती. त्याचे आभार मानले. हायवेला लागल्यावर मागून असं हसू सुरू झालं की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. तो मुनीम पेशवाईत मेला होता.

तर असं आमचं चाललेलं. शेवटचं पुस्तक चाकणचं होतं म्हणून ही जास्तच खूश होती. त्यात जुन्या काळी चाकणच्या किल्ल्याला वेढा पडलेला असतो. बाहेरून तोफा चालू, आणि आत किल्ल्याचा कारभारी आपल्या अंथरुणात मरतो. तोफेने नाही, जखमेने नाही, नुसता झोपेत. आजच्या काळात चाकणच्या एमआयडीसीतला एक कारखानदार नवीन शेडचा पाया खणायला घेतो, त्या खड्ड्यात कारभाऱ्याची मोहर सापडते, आणि आठवडाभरात कारखानदारही झोपेत मरतो. दोन्हीकडं विष. रोज थोडं थोडं. कारभाऱ्याच्या घरात एक सून आहे, कारखानदाराच्या घरातही एक सून आहे. शिवाय तो कोटवाला प्राध्यापक, कारखानदाराचा भाऊ, एक वॉचमन, एक डॉक्टर, आणि नुसती गर्दी वाढवायला आणखी काही लोक.

इथपर्यंत आम्ही आलो होतो. माझा प्राध्यापक सांगून झालेला. हिचा राहिलेला.

पुस्तक टेबलावर तसंच होतं, तिकीट घातलेलं. लोक भेटायला यायचे आणि माझ्यासमोर मान घालून बसायचे. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, जायच्या आधी ही तुम्हाला काही बोलली होती का. लोकांना वाटायचं मी शेवटची इच्छा विचारतोय. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, हो, बोलल्या होत्या, माझ्या मागं यांना सांभाळा म्हणून. साफ खोटं. ही असं कधी बोलली नसती. ही म्हणाली असती, यांना तिखट कमी द्या, रात्री उठतात. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, त्यांनी मागच्या आठवड्यातच मला सूचित केलं होतं. काय सूचित केलं, ते त्यांना सांगता येईना. मी विचारलं, खुनी कोण ते बोलली का. ते गृहस्थ पाणी न पिता गेले.

मुलगा म्हणाला, बाबा, पुढं वाचून टाका ना, कळेल खुनी कोण. मी त्याला म्हणालो, खुनी कोण ते मला नकोच आहे, तुझ्या आईने कोण धरला होता ते हवंय. आणि ते कळल्याशिवाय पान उलटायचं नाही. तो बरं म्हणाला. चाकणला एका मोठ्या कंपनीत क्वालिटीला आहे, नियम म्हटलं की त्यालाही समजतं.

तिसऱ्या दिवसापासून गरुडपुराण सुरू झालं. आमच्याकडं सुतकात संध्याकाळी वाचतात. सोसायटीच्या भजनी मंडळातले एक बुवा यायचे. पूर्वी ते एका कंपनीचं कँटीन सांभाळायचे, म्हणून आवाज असा की यमदूतांचं वर्णनसुद्धा जेवणाची पाळी पुकारल्यासारखं वाटायचं.

हिची थोरली बहीण पहिल्याच दिवशी आली होती. तिला मी आक्का म्हणतो. नऊवारीतली, काटक बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पुस्तक म्हणजे पोथी एवढंच तिला माहीत. आल्यापासून तिचं काहीतरी बिनसलेलं. बहीण गेली म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं. पण ती आमच्या घरचा चहा घेईना. सुतकाचे पहिले दिवस शेजारचे लोक डबे आणत होते, त्यातलं जेवायची. सुनेने पाण्याचा तांब्या पुढं केला की म्हणायची, ठिव तितं, आणि मग उठून नळाचं पाणी प्यायची. सून स्वयंपाकघरात गेली की आक्का मागून जाऊन दारात उभी. एकदा मी बघितलं, हळदीच्या डब्यात बोट घालून वास घेत होती.

माझी सून हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, वाकडकडं त्यांचं ऑफिस होतं आधी, आता बरेच दिवस घरूनच काम. पोरगी चांगली आहे. बोलते कमी, आणि बोलली तर निम्मं इंग्रजीत बोलते. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, बाबा, मावशींना माझ्याशी काही प्रॉब्लेम आहे का. मी म्हणालो, गावाकडची माणसं अशीच असतात, मनावर घेऊ नको. मला तरी काय माहीत.

पुढं एका संध्याकाळी पुराण संपलं, लोक गेले, बुवा पोथी बांधत होते. आक्काने मला खूण करून गॅलरीत नेलं. स्वतः हिच्या खुर्चीवर बसली. मला बरं वाटलं नाही.

ती म्हणाली, "पाव्हणं, काळजाचा दगूड करा. माझी भैन आपल्या मरणानं मेली न्हाई."

मी म्हणालो, म्हणजे?

"त्या राती फोनवर मला बोलली. म्हणली, आक्का, सुनंचंच काम हाय. दुधातनं देती, रोज थोडं थोडं. डागदरबी म्हणतोय काळीज बंद पडलं. कुणालाबी कळत न्हाई, पर मी वळाखलंय. उद्या यास्नी सांगणार हाय. आन सकाळी तुमचा फोन आला."

आता खरं सांगायचं तर एखाद्याच्या पायाखालची जमीन सरकली असती. कारण आमची सून हिला रोज रात्री हळद घालून दूध द्यायची. हिचे गुडघे दुखायचे म्हणून. सगळं जुळत होतं.

पण मला काय झालं ते सांगतो. मी आक्काचा हात धरला आणि विचारलं, ही सून म्हणाली? नक्की सून? ती म्हणाली, व्हय, सूनच. मी म्हणालो, परत सांगा. तिने परत सांगितलं. आणि मला हसू फुटलं. इतके दिवस कोंडलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं. हिने सून धरली होती. मला उत्तर मिळालं होतं. मी मांडीवर हात मारून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आक्का घाबरून मुलाला हाका मारत होती, की बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय, पाणी आण.

मुलगा पाणी घेऊन आला. त्याच्या मागून सून आली. बाबांना शांत वाटावं म्हणून बिचारीने काय आणलं असेल? हळद घातलेलं गरम दूध.

आक्काने तो पेला असा काही उडवला की या वयात हाताला एवढी ताकद कुठून आली कळलं नाही. दूध हॉलमध्ये बुवांच्या मांडीवर. बुवांनी पोथी वर उचलून वाचवली, मांडी वाचली नाही. ते ओरडलेही नाहीत. सुतकाच्या घरात ओरडावं की नाही याचा विचार करत असावेत.

मग सगळं उलगडलं. आक्का हुंदके देत सगळ्यांसमोर बोलली. मुलगा लाल झाला. मी मधे मधे सांगत होतो की अहो, ती पुस्तकातली सून, कारखानदाराची, चाकणची. आक्का म्हणाली, चाकणचीच की, तुमचा ल्योक चाकणलाच कामाला हाय. मी म्हणालो, दुसरी एक सून किल्ल्यातली आहे, वेढ्यातली. ती म्हणाली, पाव्हणं, सुनेला वाचवायला आता येढा बी रचाय लागला का.

सून भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिने टेबलावरचं पुस्तक उचललं आणि म्हणाली, "मावशी, बसा. आता मीच वाचते. सगळ्यांसमोर. मी निघाले तर पोलिसांना बोलवा."

मी म्हणालो, वाच. दोघांचे खुनी सांगून झाले होते. आता पान उलटायला हरकत नव्हती.

तर मग सुतकाच्या घरात, हिच्या फोटोपुढं समई तेवत असताना, गरुडपुराण ज्या पाटावर ठेवतात त्याच्या शेजारी बसून सुनेने खुनाची शेवटची प्रकरणं वाचली. बुवा घरी जायला उठले होते. मांडी पुसत दारापर्यंत गेले, पहिलं पान ऐकलं आणि परत येऊन बसले. म्हणाले, आधीचं थोडक्यात सांगा. मी सांगितलं. मी घोड्याचा आणि मोटारीचा गोंधळ केला असणार, कारण नंतर बराच वेळ बुवांना वाटत होतं की वॉचमन मोगलांना फितूर आहे.

सुनेला जुने शब्द अडायचे. खलिता म्हणजे काय, शिबंदी म्हणजे काय. बुवा सांगायचे. मुलगा आईच्या फोटोकडं बघत नव्हता, पुस्तकाकडं बघत होता. आक्का एकटी सुनेच्या तोंडाकडं बघत होती, चोर कुठं चाचरतो ते पकडायला. आणि गंमत म्हणजे पोरगी चाचरायचीच, दर दोन ओळींना, कारण तिचं सगळं शिक्षण इंग्रजीतलं. ती अडली की आक्का माझ्याकडं बघून मान हलवायची.

मधेच तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं भेटायला आलं. सगळे बसलेले, सून वाचतेय, समई लावलेली. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मागं बसले. त्याच वेळी किल्ल्यात कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत कट्यार खुपसली. त्या बाईने नवऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. तो म्हणाला, नरकाचं वर्णन चालू आहे. दोघांनी आणखी घट्ट हात जोडले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

कारखानदाराच्या सुनेचं नाव पुढं पुढं यायला लागलं तशी आक्का पुढं सरकत गेली. इन्स्पेक्टर त्या सुनेच्या स्वयंपाकघरात जातो. दुधाचं पातेलं तपासतो. आमची सून ते वाचताना स्वतःच इतकी घाबरली की तिचा आवाज चढला. मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बुवा पुटपुटत होते, नसावी, नसावी. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, असू दे. असू दे देवा. तिलाच निघू दे.

ती नव्हती. डॉक्टर निघाला.

डॉक्टरच्या पूर्वजाने, किल्ल्यावरच्या वैद्याने, कारभाऱ्याला मारलं होतं, आणि याने कारखानदाराला. जमिनीचं काहीतरी जुनं भांडण. प्राध्यापक कोट का घालायचा, तर त्याला म्हणे जुना हिवताप होता आणि थंडी वाजायची. बरं बुवा.

सुनेने पुस्तक मिटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने समईला नमस्कार केला आणि ते गेले.

आक्काने विचारलं, "म्हंजे सून न्हाई?"

मी म्हणालो, न्हाई.

"डागदर?"

डॉक्टर.

तिने पदराने तोंड पुसलं, सुनेकडं बघितलं, आणि म्हणाली, "च्या टाक बाई. आल्यापासनं तुझ्या हातचा घोटभर घेतला न्हाई, डोस्कं धरलंय माझं. दूध जरा जास्ती घाल."

सून आत गेली आणि मग रडली. आतून आवाज आला. आक्का उठून आत गेली. नंतर दोघींचा आवाज आला. काय बोलल्या मला माहीत नाही, कान गेलेत. चहा आला तेव्हा आक्काने आपल्या बशीतला अर्धा सुनेला दिला होता. बुवांनी दुसरा कप मागून घेतला आणि विचारलं, या लेखकाचं आणखी काही आहे का घरात.

सगळ्यांचं असं गोड झालं. माझं नाही झालं.

माझा प्राध्यापक चुकला याचं मला काही नाही. माझे नेहमीच चुकायचे. पण ही कशी चुकली? एवढी पुस्तकं वाचली, हिने धरलेला माणूस सहसा सुटायचा नाही. आणि हिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं काय, तर मी ओळखलंय. मेथीचे दांडे सोडले तर तेच शेवटचं. ज्या बाईचं शेवटचं बोलणं ते आहे, तिचं ओळखलेलं चुकीचं निघतं म्हणजे काय? मुलगा म्हणाला, बाबा, गोष्ट आहे ती. मी म्हणालो, गोष्टच आहे म्हणून तर म्हणतोय. खरं असतं तर गप्प बसलो असतो, खऱ्याला कोण बदलणार. हे तर एका माणसाने घरात बसून लिहिलंय.

त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार केला. डॉक्टर त्या कारखानदाराच्या घरी किती वेळा आला? सगळ्या पुस्तकात दोनदा. एकदा लग्नाला आणि एकदा सर्टिफिकेट द्यायला. विष तर रोज थोडं थोडं दिलंय, असं पुस्तकच म्हणतं. मग रोजचं दूध कोण देत होतं? सून. हे हिच्या लक्षात आलं होतं आणि लेखकाच्या आलं नाही. लिहिता लिहिता त्याचाही घोड्याच्या प्रकरणात डोळा लागला असेल.

सकाळी मी अंघोळ केली, चष्मा लावला आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेला प्रकाशकाचा नंबर एक एक आकडा बघून फिरवला. सून कामाला बसली होती, आक्का नळावर भांडी घासत होती. फोन एका मुलीने उचलला. मी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, यात चूक आहे. ती म्हणाली, काका, पानं कोरी आलीत का, आम्ही बदलून देतो. मी म्हणालो, पानं चांगली आहेत, खुनी चुकलाय.

मग मी तिला दुधाचं सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर दोनदा, दूध रोज. शहाणी पोरगी होती, हसली नाही. म्हणाली, खरंच की, मी लेखक सरांना कळवते. पुढच्या आवृत्तीच्या वेळी ते बघतील. तुमचं नाव सांगता?

मी म्हणालो, माझं नको, माझा तर प्राध्यापक होता. माझ्या बायकोचं लिहा.

ती म्हणाली, "मग त्यांनाच द्या ना फोन. सरांना त्यांच्याशी बोलायला आवडेल."

मी म्हणालो, "तिला यायला जमणार नाही. पण तिचं पक्कं आहे. सूनच. लिहून घ्या."